परसातली पाहुणी

आपल्या ताटातील कोणती भाजी आपली आणि कोणती परकी, असा विचार करू लागले की उत्तर सहजासहजी हाती लागत नाही. ठेच्याची मिरची मूळची अमेरिका खंडातली. उपवासाला चालणारा बटाटा आणि बारा महिने लागणारा टोमॅटो हेही तिकडचेच. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. 'कोबी' हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आला. 'नवलकोल' या नावात डच भाषेतील 'क्नोलकोल' दडलेला आहे, आणि मराठीने त्यातून 'नवल' घडवून तो असा सामावून घेतला आहे की त्याचे परकेपण आता कानाला जाणवतही नाही. मग भाजी आपली होते ती नेमकी कधी? बाजारात मिळू लागली म्हणजे? घरातल्यांच्या जिभेला रुचली म्हणजे? की तिला आपल्या भाषेत नाव मिळाले म्हणजे?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो ब्रोकोलीमुळे. ही भाजी अजून आपल्या उंबऱ्यावरच उभी आहे. मोठ्या शहरांतील दुकानांत ती पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली असते. आमच्या सोलापूरच्या मंडईत एखाददुसऱ्या टोपलीत दिसली, तर विकणाऱ्या मावशी तिला 'हिरवा फ्लॉवर' म्हणतात. गेली चार वर्षे मी ती घरामागच्या परसात बियांपासून वाढवत आहे. सोलापुरात ब्रोकोली, हे ऐकून माणसे हसतात. त्यांचे हसणे अगदीच अनाठायी नाही. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि ऐन थंडीतही दुपारचे ऊन अंगाला टोचते. पावसाळा सरता सरता येणाऱ्या उकाड्याला आपण 'ऑक्टोबर हिट' म्हणतो. त्या दिवसांत भेंडी-गवारीचीही पाने दुपारी मान टाकतात. त्यात ही मूळची समुद्राकाठची, थंड हवेची भाजी.

तिचे कूळ समजून घेतले की अडचण कुठे आहे ते कळते. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली या चार वेगळ्या वनस्पती नाहीत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकच जात आहे, ब्रासिका ओलेरासिया. युरोपातील समुद्रकिनाऱ्यांवर या जातीची रानटी झाडे आजही आढळतात. माणसाने शतकानुशतके त्यांतून हवे ते निवडले. कुणी गुंडाळलेल्या पानांची झाडे राखली, त्यांचा कोबी झाला. कुणी फुगलेल्या खोडाची राखली, त्यांचा नवलकोल झाला. इटलीतील शेतकऱ्यांनी कळ्यांचे घोस धरणारी झाडे राखली, त्यांची ब्रोकोली झाली. आपण ब्रोकोलीचा जो गड्डा खातो, तो म्हणजे न उमललेल्या शेकडो कळ्यांचा गुच्छ असतो. फ्लॉवरचा पांढरा गड्डा कळी होण्याच्याही आधी थांबलेला असतो. ब्रोकोली एक पाऊल पुढे जाऊन थांबते. आपण तिला उमलण्याच्या आधी गाठतो, एवढेच.

उन्हाचा घाव बसतो तो या थांबण्यावर. रोप सुरुवातीला पानांमागून पाने काढत असते. मग एका टप्प्यावर शेंड्याचे काम बदलते. पान निर्माण करणारा शेंडा कळ्या निर्माण करू लागतो. हा बदल बाहेरून दिसत नाही. त्या वेळचा गड्डा हरभऱ्याच्या दाण्याएवढा असतो आणि कोवळ्या पानांत पूर्ण झाकलेला असतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस ब्योर्कमन यांनी १९९० च्या दशकात याच टप्प्याचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की या मोजक्या दिवसांत ३५ अंशांच्या आसपासची उष्णता सलग लाभली, तर काही कळ्यांची वाढ तिथेच थांबते आणि शेजारच्या कळ्या मात्र वाढत राहतात. मग गड्डा उंचसखल होतो, विस्कटतो. म्हणजे ब्रोकोलीचे नशीब साऱ्या ऋतूवर अवलंबून नसते; ते साधारण आठवडा-दहा दिवसांवर अवलंबून असते. आधीचे ऊन ती सोसते आणि नंतरचेही काही प्रमाणात सोसते. कळी धरण्याच्या त्या दिवसांत मात्र तिला उसंत हवी असते.

बियांच्या पाकिटावर 'उष्णता सहन करणारे वाण' असे छापलेले असते, त्याचा अर्थ मला या अभ्यासानंतर कळला. त्या रोपाला ऊन लागत नाही, असे नाही. त्याचीही पाने दुपारी कोमेजतात. फरक इतकाच की कळी धरण्याचे एकदा सुरू झालेले काम ते उन्हामुळे सोडत नाही. दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन येथे मार्क फार्नम या संशोधकांनी भर उन्हाळ्यात ब्रोकोली लावली, बहुतेक झाडे बिघडू दिली आणि ज्या थोड्यांनी गड्डा नीट धरला त्यांचा वंश पुढे चालवला. असे पिढ्यानपिढ्या केल्यावर उन्हात टिकणाऱ्या ओळी हाती आल्या. उष्णतेवर कोणते औषध नव्हते. होती ती निवड आणि चिकाटी.

आता आमच्या परसाविषयी. ते बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे. पश्चिमेकडे घराची भिंत असल्यामुळे दुपारी तीननंतर वाफ्यांवर सावली येते, आणि ही सावली ब्रोकोलीला खतापेक्षाही उपयोगी पडते. पेरणी मी श्रावणात करते. बी मोहरीसारखे गोल, तपकिरी आणि बारीक असते. कोकोपीट आणि कुजलेले शेणखत भरलेल्या ट्रेमध्ये प्रत्येक खळग्यात एक बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकले की तीन ते पाच दिवसांत दोन हृदयाकृती दले वर येतात. या काळात ऊन पडलेच, तर वरून सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा पदर ताणून बांधते. विणलेल्या सुती कापडातून उजेड येतो आणि झळ मात्र अडते. चार-पाच पाने आली, म्हणजे सुमारे महिनाभराने, रोपे दीड-दीड फुटावर लावते आणि भोवती उसाचे पाचट अंथरते. पाचटाखालची माती दुपारीही हाताला गार लागते. फुलपाखरासारख्या पतंगाची बारीक हिरवी अळी आणि मावा यांवर निंबोळी अर्क पुरतो. पानांच्या खालच्या बाजूवर मात्र रोज नजर हवी.

पानांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांच्यावर निळसर मेणाचा थर असतो आणि त्यावर पाणी ठरत नाही. पारा घरंगळावा तसे थेंब घरंगळतात. वारा आणि ऊन सोसण्यासाठी जणू जन्मतःच पांघरलेली ती शाल. हे रोप इतके नाजूक नाही, अशी पहिली खात्री मला त्या पानांनी दिली.

सासूबाईंना मात्र तेवढ्याने खात्री पटणार नव्हती. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येते. परसाला जे पाणी मिळते ते तांदूळ-डाळी आणि भाज्या धुतलेले, बादलीत साठवून ठेवलेले. पहिल्या वर्षी मी त्या बादल्यांतून ब्रोकोलीला पाणी घालू लागले, तेव्हा त्या पायरीवर बसून बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हिच्या मुळाशी जातंय ते पाणी कुणाच्या वाटणीचं गं?"

हा प्रश्न टोमण्याचा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात त्या ऐन तरुण वयात खडी फोडायला गेल्या होत्या. कामावर मिळणारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो त्यांनी खाल्ला होता. मिलोच्या भाकरीची चव त्या आजही वाईट म्हणत नाहीत, त्या म्हणतात, "ती भाकरी पोटाला होती, पण तिचं बी आपलं नव्हतं." त्या दुष्काळात घरचे ज्वारीचे बियाणे खाऊन संपवावे लागले, त्याचे दुःख त्यांना उपाशी राहण्यापेक्षा जास्त वाटते. त्यांच्या हिशेबात भाजीचे दोनच प्रकार आहेत. जिचे बी घरात राहते ती, आणि जिचे बी दरवर्षी पैसे मोजून आणावे लागते ती. गवार, दोडका, अंबाडी, घेवडा या भाज्यांच्या बिया त्यांच्या फडताळात चिंध्यांच्या पुरचुंड्यांत बांधलेल्या असतात. दुष्काळी वर्षात आधी पाणी कुणाला द्यायचे, याचा निवाडा त्या या पुरचुंड्या बघून करतात.

त्यांच्या प्रश्नाला मला तोंडी उत्तर देता आले नाही, आणि द्यावेसेही वाटले नाही. उत्तर वाफ्यातच शोधायला हवे होते.

पहिल्या वर्षी मी दोन प्रकारचे बी लावले होते. एक उष्णता सहन करणारे संकरित, दुसरे इटलीतील कालाब्रिया प्रांतावरून नाव पडलेले जुने सरळ वाण, कालाब्रेसे. प्रत्येकी दहा रोपे. ऑक्टोबरचा उकाडा दोघांनीही सोसला, आणि नेमके त्याच दिवसांत कळी धरण्याचे काम सुरू होते. दिवाळीच्या सुमारास निकाल दिसला. संकरितच्या दहांपैकी आठांनी घट्ट, निळसर हिरवे गड्डे दिले. सरळ वाणाच्या तिघांनी गड्डे धरले, लहान पण बांधेसूद. तिघांच्या गड्ड्यांतून पाने डोकावत होती आणि कळ्या उंचसखल होत्या. उरलेली चार झाडे नुसती पाने काढत राहिली. डिसेंबरची थंडी पडेपर्यंत त्यांना आपण कशासाठी लावलो गेलो याची आठवणच झाली नाही.

केवळ भाजी खायची असती, तर निवड सोपी होती. संकरित वाण सरस होते, यात शंका नाही. परंतु संकरित झाडाचे बी धरले, तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असे नसते. दोन वेगळ्या ओळींचे गुण एका पिढीपुरते एकत्र आलेले असतात, ते पुढच्या पिढीत विखुरतात. म्हणून ते बी दरवर्षी विकतच आणावे लागते. सासूबाईंच्या हिशेबात ही भाजी मिलोच्या रांगेतली. सरळ वाणाचे तसे नव्हते. त्या तीन झाडांचे गड्डे मी कापले नाहीत. ते तसेच उभे ठेवले.

या निर्णयामागे फ्लॉवरचा इतिहास होता. फ्लॉवरही एके काळी आजच्या ब्रोकोलीसारखाच परका होता. इंग्लंडहून आणलेले त्याचे बी १८२२ साली सहारनपूरच्या कंपनी बागेत आले, अशी नोंद भाजीशास्त्राच्या पुस्तकांत आढळते. तो विलायती फ्लॉवर थंडीतलाच होता. उत्तर भारतातील उकाड्यात आणि दमट हवेत त्याची बहुतेक झाडे बिघडली असणार. परंतु पंजाब, उत्तर प्रदेश, बिहार या भागांतील शेतकऱ्यांनी आणि माळ्यांनी, ज्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत, उन्हात गड्डा धरणारी झाडे बियांसाठी राखली. सुमारे शंभर वर्षांत त्यातून एक निराळाच फ्लॉवर घडला. शास्त्रज्ञ आज त्याला 'भारतीय फ्लॉवर' असेच म्हणतात. थंड हवेतला विलायती फ्लॉवर १० ते १६ अंशांत गड्डा धरतो. लवकर येणारा भारतीय फ्लॉवर २० ते २७ अंशांतही धरतो.

या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटली ती त्यांची नावे. तो फ्लॉवर ज्या महिन्यात तयार होतो, त्यावरून शेतकऱ्यांनी त्याला ओळखले. आश्विनाला तिकडे कुवार म्हणतात, म्हणून एक कुवारी. मग कार्तिकातला कातकी, अगहन म्हणजे मार्गशीर्षातला अगहनी, पौषातला पूसी, माघातला माघी. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने पुढे सुधारित वाण काढले, त्यांतील एकाचे नावही 'पुसा कातकी' असेच राहिले. परक्या भाजीला आपल्या पंचांगातले महिने मिळाले. मी ही नावे सासूबाईंना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले आणि एवढेच म्हणाल्या, "म्हणजे शंभर वर्षं राबले की लोक."

कापला नाही, तर ब्रोकोलीचा गड्डा सैल होतो, त्याच्या फांद्या उंच वाढतात आणि कळ्या उमलू लागतात. नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या तिन्ही झाडांवर पिवळी फुले आली. सासूबाईंनी कोपऱ्यात ओळीने मोहरी लावली होती, तीही त्याच वेळी फुलली. एका सकाळी त्या दोन्हीकडची फुले तळहातावर ठेवून माझ्याकडे आल्या. दोन्हींना चार पाकळ्या, फुलीसारख्या समोरासमोर. आत सहा केसर, चार लांब आणि दोन आखूड. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर मोहरीच्या घरातली! मुळ्याचं फूलसुद्धा असंच असतं." वनस्पतिशास्त्र हेच सांगते, मोहरी, मुळा आणि ब्रोकोली एकाच कुळातल्या. पुस्तकात मी ते अनेकदा वाचले होते. परंतु त्यांनी फूल हातात घेऊन नाते ओळखले, तेव्हा मला वाटले की पाहुणी उंबऱ्याच्या आत आली. त्या दिवसानंतर पाण्याचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. सकाळची पहिली बादली त्याच ओतू लागल्या.

मोहरीच्या फुलांवर मधमाश्या येत होत्या, त्या ब्रोकोलीवरही जाऊ लागल्या, आणि ते आवश्यकच होते. ब्रोकोलीचे झाड सहसा स्वतःचे पराग स्वीकारत नाही. फूल आपले पराग ओळखते आणि नाकारते. बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. एकटे ठेवलेले झाड फुलांनी बहरते आणि जवळजवळ रिकामे राहते. फेब्रुवारीत शेंगा वाळल्या. शेवटी आलेल्या फुलांच्या शेंगा वाढत्या उन्हाने पोकळ निघाल्या, आधीच्या मात्र भरल्या. सुपात पाखडून काढलेले बी चहाचे दोन चमचे भरले. सासूबाईंनी ते राखेत घोळवले आणि फडताळातून एक कोरी चिंधी काढली.

दुसऱ्या वर्षी त्या बियांची चोवीस रोपे लावली. ऑक्टोबरच्या उकाड्यात नऊ झाडांनी नीट गड्डा धरला. तिसऱ्या वर्षी, त्या नऊंच्या बियांतून लावलेल्या चोवीसांपैकी अकरांनी. या आकड्यांवरून मी फारसा अभिमान बाळगत नाही. एखाद्या वर्षी ऑक्टोबर सौम्य गेला, तरी आकडा वाढतो. खरी परीक्षा कडक वर्षांतच होते. शिवाय तिसऱ्या वर्षीची काही झाडे बुटकी राहिली, आणि त्यांच्या शेंगांत दाणे कमी भरले. याचे कारण स्पष्ट आहे. सारा वंश तीन झाडांपासून आलेला. जे झाड स्वतःचे पराग नाकारते, त्याला पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांतच ठेवले तर वंश क्षीण होतो. बारा फूट रुंद परसात जितकी झाडे मावतात, तितक्यांवर ही भाजी आपली होऊ शकत नाही.

फ्लॉवरच्या शंभर वर्षांचा खरा अर्थ मला इथे समजला. तो एका हुशार शेतकऱ्याचा पराक्रम नव्हता. शेकडो शिवारांतून, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी आपापल्या उन्हात निवडलेले बी बाजारात, लग्नकार्यात, पाहुण्यांच्या गाठोड्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला गेले असेल आणि वंशात नवे रक्त येत राहिले असेल. उष्णता सहन करण्याची शक्ती एका झाडाच्या अंगी असते खरी, परंतु ती पुढच्या पिढ्यांत टिकते ती अनेक परसांच्या देवाणघेवाणीमुळे.

म्हणून चौथ्या वर्षी आम्ही बी वाटले. गल्लीतील पाच घरांना, माझ्या शाळेतील दोन सहकाऱ्यांना आणि सासूबाईंच्या बहिणीला, पंढरपूरला. प्रत्येकीला सांगितले की चांगला गड्डा आधी कापू नका, एक-दोन उत्तम झाडे बियांसाठी सोडा, आणि थोडे बी आम्हाला परत द्या. आम्हीही नवे सरळ बी आणून जुन्याच्या शेजारी लावले आहे. उत्तम झाड न खाता राखायचे, ही अट पाळणे अवघड असते. भूक सांगते की सर्वांत चांगले आधी खावे. बियाणे सांगते की सर्वांत चांगले शेवटपर्यंत ठेवावे. आमच्या सासूबाईंच्या पिढीला हे शिकवावे लागत नव्हते. आम्हाला ते ब्रोकोलीकडून शिकावे लागले.

आमच्या पाकिटांवर पेरणीचा महिना आणि झाडाचा क्रमांक लिहिलेला असतो. वाणाचे नाव मी अजून लिहिलेले नाही. नाव देण्याचा अधिकार चार वर्षांत मिळत नाही. अजून कडक ऑक्टोबर यायचे आहेत, नळाचे पाणी चारऐवजी सहा दिवसांनी येणारी वर्षे यायची आहेत. त्यांतून जी झाडे कळी धरतील, त्यांची नावे त्या वेळी बी राखणारे लोक ठेवतील. ती मराठी महिन्यांची असावीत, एवढीच इच्छा आहे.